जुना वाइस: आधी आटे बघा, नाव मागाहून

देवगडजवळच्या आमच्या वाडीत एका काकींच्या पडवीत, भाताच्या कणगीमागे, एक निळा वाइस (टेबलाला बसवून जबड्यांत वस्तू घट्ट धरायचं अवजार) कित्येक वर्षं पडून होता. काका मुंबईला गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांचं गिरणीत परत जाणं झालं नाही. पुढे कधीतरी कुठल्याशा गिरणीचं सामान भंगारात निघालं, तेव्हा त्यांनी हा वाइस किलोच्या भावाने घेतला आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणला. काका गेले, वाइस राहिला. यंदा मार्चमध्ये काकींनी मला हाक मारली.

"व्हरून जा रे बाबा ह्येका. दोनदा माजो पाय आपाटलो."

त्यांचा पुतण्या मोबाइल घेऊन शेजारीच उभा होता. "रेकॉर्ड कंपनीचो असा हो, इंग्लंडचो. निळो रंग बघा. धा हजार खंय गेले नाय." मी त्याला म्हटलं, बाबा रे, रंग डब्यातून येतो. ब्रशने कुठलाही वाइस इंग्लंडचा करता येतो.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. आयटीआयमधून फिटर होऊन बाहेर पडलो त्याला छत्तीस वर्षं झाली, आणि या काळात असे नऊ-दहा वाइस माझ्या हाताखालून गेले. (आमच्याकडे सगळे वाइसच म्हणतात. शेगडा हा आपला शब्द फक्त म्हाताऱ्या सुतारांच्या तोंडी ऐकलाय.) त्यातले दोन मी चुकीच्या घाईने बिघडवले. म्हणून जुना वाइस हाती आला की काय करायचं आणि काय करायचं नाही, ते इथे सविस्तर लिहितो.

ओळख

पहिल्या दिवशी वायर ब्रश, ग्राइंडर, रंग यांतलं काही हातात घ्यायचं नाही. फक्त एक जुनी कानस, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन), खडू आणि लोहचुंबक.

आधी धातू. वाइस उलटा करून तळाला, जिथे दिसणार नाही तिथे, कानशीचे चार हात मारा. काळसर भुकटी पडली आणि बोटांना शिसपेन्सिलीसारखी लागली, तर ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. त्या भुकटीत ग्रॅफाइट असतं, म्हणून बोटं काळी होतात. चकचकीत, किंचित वळलेला कीस निघाला तर पोलाद. ग्राइंडर लावूनही कळतं. बिडाच्या ठिणग्या लालसर आणि आखूड, पोलादाच्या पिवळ्या आणि लांब. पण त्यासाठी ग्राइंडर कशाला, कानस पुरते. बाजारातले बहुतेक बेंच वाइस बिडाचेच असतात, आणि बीड काही कमी प्रतीचं नव्हे. फक्त त्याला हातोड्याचा मार सोसत नाही. मार सोसतो तो लोहाराचा उभा, लांब पायाचा शेगडा. तो घडीव असतो आणि त्याचा पाय जमिनीला टेकलेला असतो, त्यामुळे घणाचा दणका जमिनीत जातो. तसला मिळाला तर हा लेख बाजूला ठेवा, तो खटला वेगळा आहे.

मग आटे. मी सगळ्यात जास्त भरवसा यावरच ठेवतो. स्क्रू फिरवायच्या दांड्यावर खडूने खूण करा, जबडे थोडे उघडा आणि मधलं अंतर व्हर्नियरने मोजा. आता त्याच दिशेने दांड्याच्या चार पूर्ण फेऱ्या द्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं एकाच दिशेने फिरवताना घ्यायची, म्हणजे झिजलेल्या नटाची ढिलाई हिशेबात येत नाही. फरक २५.४ मिलिमीटर आला तर स्क्रूला इंचात चार आटे आहेत, म्हणजे इंची काम. २४ आला तर आट्याचं अंतर ६ मिलिमीटर, २० आला तर ५, म्हणजे मेट्रिक.

यावरून काळ कळतो, पण एकाच बाजूने. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती मापं टप्प्याटप्प्याने आली. म्हणून आपल्याकडच्या वाइसचा स्क्रू मेट्रिक निघाला तर तो त्यानंतरचा समजा, मग विकणारा कितीही "आजोबांच्या काळचा" म्हणो. उलट मात्र खरं नाही. इंची आटे दिसले म्हणून वाइस जुना ठरत नाही, कारण आपल्या कारखान्यांत इंची लेथ आणि इंची टॅप पुढेही वर्षानुवर्षं चालले. इंची बोल्ट आजसुद्धा हार्डवेअरच्या दुकानात सूत (इंचाचा आठवा भाग) सांगून मिळतात.

काकींच्या वाइसचा फरक आला २५.४.

तिसरी तपासणी जबड्यांच्या पट्ट्यांच्या स्क्रूंची. दोन्ही जबड्यांना तोंडाशी कडक पोलादी पट्ट्या असतात, त्या प्रत्येकी दोन स्क्रूंनी बसवलेल्या. यांतला एक सोडवता आला तर त्याला पिच गेज (आट्यांचं अंतर मोजायच्या दातेरी पात्या) लावा. जुन्या इंग्रजी मालात इथे व्हिटवर्थ आटे मिळतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेले, ५५ अंशांचे. मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, आणि मी पहिला वाइस खराब केला तो इथेच. स्क्रू अडीच सुती होता, म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर. माझ्याकडे ८ मिलिमीटरचा नवा बोल्ट होता. सहा शतांशांचा फरक कोण बघतो? बोल्ट बोटांनी तीन फेऱ्या छान गेला आणि अडकला. मी पान्हा लावला. ५/१६ व्हिटवर्थला इंचात १८ आटे, म्हणजे आट्याचं अंतर १.४१ मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टचं १.२५. तीन फेऱ्यांपर्यंत बीड सहन करतं, चौथ्या फेरीला आतले आटे भुगा होऊन बाहेर येतात. ते भोक मला वाढवून तीन सुती करावं लागलं, आणि वाइस माझ्या उस्तादांचा होता. ते काही बोलले नाहीत. दोन दिवस मला चहा मात्र सांगितला नाही.

आता नाव. इंग्रजी वाइस कोकणात आले ते मुंबईच्या गिरण्या, गोद्या आणि रेल्वेच्या वर्कशॉपांतून, चाकरमान्यांच्या ट्रंकांबरोबर. हाती येणारी नावं थोडीच. रेकॉर्ड, शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्पटनचा. याचा ३ नंबर म्हणजे ४ इंची जबडा, ५ नंबर म्हणजे ५ इंची. कंपनीचा ठरलेला रंग निळा, आणि सगळा घोळ त्या निळ्यामुळेच. पॅरामोसुद्धा शेफिल्डचाच. वोडन वेन्सबरीचा. आणि पार्किन्सन, यॉर्कशरमधल्या शिपलीचा, जो झटपट उघडणाऱ्या वाइससाठी नावाजलेला. दांड्याजवळचा खटका दाबला की आतला अर्धा नट स्क्रूवरून सुटतो आणि जबडा नुसता ओढून मागेपुढे करता येतो. असा खटका असेल तर स्क्रूचे आटे नीट बघा. एका अंगाला ते उभे कापलेले आणि दुसऱ्या अंगाला उतरते असतात, करवतीच्या दातासारखे. साध्या वाइसचे आटे चौकोनी असतात.

भारतीय मालात जालंधर आणि बटाल्याकडचं ओतकाम पुष्कळ, पूर्वेला हावड्याचं. यातले काही वाइस इंग्रजी नमुन्यांवरून इतके हुबेहूब ओतलेले असतात, की फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

नाव, नंबर आणि देश ही अक्षरं ओतकामात उठावाची असतात, जबड्याच्या बाजूला किंवा अंगावर. ती दिसत नसतील तर तीन शक्यता: झिजली, घासली, किंवा लांबीखाली (खड्डे भरायच्या पुट्टीखाली) गेली. लोहचुंबक सुतळीला बांधून अंगावरून फिरवा. जिथे त्याची पकड ढिली पडते तिथे रंगाखाली लांबीचा थर आहे. काकींच्या वाइसच्या डाव्या बाजूला हातभर पट्ट्यात, बरं, हातभर नाही, चार बोटं पट्ट्यात चुंबक सटकत होता. मी गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवून फडकं ठेवलं आणि तासाभराने बोथट पटाशीने लांबी उचलली. आधी एक "५" दिसला. मग अक्षरं: "मेड इन इंडिया".

पुतण्याचा चेहरा पडला. माझं डोकं मात्र तापलं. अक्षरं बुजवायची, वर निळा फासायचा आणि गिरणीतल्या गरीब फिटरला इंग्लंडचा म्हणून गळ्यात मारायचा! भंगारवाल्यांच्या नावाने मी त्या दिवशी बरंच काही बोललो.

एक सावधगिरी. जुन्या रंगात शिसं असण्याची बरीच शक्यता असते. कोरडा पॉलिश पेपर मारून त्याची धूळ घरात उडवू नका, ओलंच खरवडा, आणि खरवडलेलं कागदात गुंडाळून टाका. पोरं खेळतात त्या खळ्यात नको.

तडा

नावापेक्षा तडा महत्त्वाचा. मेड इन इंडिया असो नाहीतर मेड इन स्वर्ग, सरकत्या जबड्याच्या मानेला तडा असेल तर वाइस भंगाराच्याच किमतीचा.

दांडा वाकलेला दिसला की ओळखायचं, कुणीतरी त्यात पाइप घालून आवळलाय. मग बघायच्या जागा या: सरकत्या जबड्याची मान, तिच्या खालची चौकोनी दांडी जिथे अंगाला मिळते तो कोपरा, आतल्या नटाची बैठक आणि बोल्टांचे कान. आधी छोट्या हातोडीने टिचकी मारून ऐका. धड बीड मातीच्या पक्क्या भांड्यासारखं वाजतं, तडकलेलं फुटक्या माठासारखं. मग डिझेल किंवा मिळालं तर रॉकेल फडक्याने चोळा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. हे मी इंजिनाच्या हेडवरही करतो. पुष्कळदा केसाएवढी रेघ निघते, जी नुसत्या डोळ्यांना अजिबात दिसली नसती.

कानाचा तडा दुरुस्त होतो. पितळी काडीने ब्रेझिंग करून घ्यावं, किंवा निकेलच्या रॉडने वेल्डिंग. वेल्डर ओळखीचा बघा आणि त्याला विचारा, आधी तापवणार का? "कशाला?" म्हणाला तर उठून या. बीड आधी सगळं तापवावं लागतं, टाके इंच-इंचाचे घालावे लागतात आणि काम झाल्यावर ते सावकाश निवावं लागतं. मी गरम तुकडा भाताच्या तुसात पुरून रात्रभर ठेवतो. वाऱ्यावर ठेवला तर रात्री "टक्" असा आवाज येतो, आणि सकाळी नवी रेघ दिसते, वेल्डच्या अगदी शेजारी. मानेच्या तड्याला मात्र मी हात लावत नाही. तो जोड ऐन जोर लावताना सुटतो, आणि समोर आपलंच पोट असतं.

खोलणं

दांडा फिरवत सरकता जबडा बाहेर काढायचा. शेवटच्या इंचाला खाली लाकडी ठोकळा द्या. काकींचा वाइस काट्यावर २१ किलो भरला. त्यातला सरकता जबडा अचानक सुटला तर पायावरच येतो.

जबडा सुटला की स्क्रूच्या मागे वॉशर, कधी स्प्रिंग, आणि त्यांना धरणारी स्प्लिट पिन किंवा कॉलर दिसेल. कॉलरमध्ये (स्क्रूवरच्या कड्यात) ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचा बारीक स्क्रू, असतो आणि तो रंगाखाली लपलेला असतो. तो न बघता कॉलरवर हातोडी मारणारे मी पाहिलेत. अंगातला नट एका बोल्टने किंवा खिट्टीने धरलेला असतो. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. माझ्या उमेदवारीत आम्ही कागदावर चित्र काढायचो आणि तेलकट बोटांनी ते चित्रही पुसून जायचं.

पट्ट्यांचे स्क्रू हीच खरी डोकेदुखी. खाऱ्या हवेत ते बिडाशी एकजीव होतात. पातळ तेल टाकून दोन दिवस ठेवायचं, रोज स्क्रूच्या डोक्यावर पंचाने हलके ठोके द्यायचे. सुटला नाही तर भोवतालचं बीड ब्लोलॅम्पने तापवा आणि गरम असतानाच डोक्याशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं. मग बिट नीट बसवून आधी आवळायच्या दिशेला एक कणभर, मग सोडायच्या दिशेला. चारपैकी तीन असे निघाले. चौथ्याचं डोकं तुटलं. त्याला मधोमध पंच मारून ड्रिल केलं, आणि अडीच सुती व्हिटवर्थ टॅपने आटे साफ केले. आठ मिलिमीटरच्या टॅपने नव्हे, हे आता सांगायला नको.

गंज

घाटावरच्या गंजात आणि आमच्या गंजात फरक आहे. पुण्याच्या माळ्यावरचा वाइस घासला की झालं. इथे गंजाच्या खड्ड्यांत मीठ बसलेलं असतं. वरचा गंज काढून रंग मारला, तर पहिल्या पावसात रंगाखाली फोड येतात, कारण मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आत काम चालूच ठेवतं. मी बिघडवलेला दुसरा वाइस असाच गेला. दिसायला सुंदर केला होता आणि गणपतीपर्यंत त्याला देवी आल्यासारखे फोड आले.

म्हणून ग्राइंडरवर वायरचाक लावून गंज उडवू नका. ते वरचं चकचकीत करतं आणि खड्ड्यातलं तसंच ठेवतं. शिवाय कडा गोल करतं आणि अक्षरं खातं. मी विजेचा उपाय करतो.

प्लास्टिकचा निळा ड्रम अर्धा कापून घ्या. २० लिटर पाण्याला साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी चालणार नाही, मीठ काढायला मीठच कसं वापरणार? नळाचं किंवा डोंगराकडच्या विहिरीचं गोडं पाणी घ्या. वाइसचे भाग तेल-ग्रीस धुऊन तारेने मधोमध लोंबकळत सोडा. कडेला साध्या लोखंडाच्या भंगार पट्ट्या उभ्या करा, वाइसला टेकू न देता. बॅटरी चार्जरची काळी, म्हणजे ऋण वायर वाइसला. लाल, म्हणजे धन वायर भंगार पट्ट्यांना. हे उलटं झालं तर पट्ट्यांऐवजी वाइसच खाल्ला जातो. जोडण्याआधी दोनदा बघा. चार्जर जुन्या ट्रान्सफॉर्मरचा हवा. नव्या हुशार चार्जरना समोर बॅटरी दिसली नाही तर ते चालूच होत नाहीत.

पट्ट्या स्टेनलेसच्या घेऊ नका. त्या टिकतात खऱ्या, पण त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. जस्त चढवलेला पत्राही नको. बुडबुडे येतात त्यात हायड्रोजन असतो, म्हणून हे काम खळ्यात, उघड्यावर, आणि जवळ विडी पेटवू द्यायची नाही. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद.

एक रात्र पुरते. पट्टीसमोरची बाजूच साफ होते, म्हणून मध्ये एकदा वाइस फिरवावा लागतो. बाहेर काढल्यावर अंगावर काळा लेप असतो, तो ब्रशने निघतो. रंगही सुटून आलेला असतो. त्यानंतर मी ते भाग ताज्या सोड्याच्या पाण्यात आणखी तीन-चार दिवस ठेवतो, पाणी रोज बदलून, वीज न लावता. यामुळे खड्ड्यांतलं मीठ हळूहळू बाहेर येतं. मग परीक्षा: गोड्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि रात्री पडवीत उघडं ठेवा. सकाळी खड्ड्यांत घामासारखे तपकिरी थेंब दिसले तर मीठ शिल्लक आहे. पुन्हा ड्रममध्ये. नुसता पातळ तांबूस थर आला असेल तर तो हवेचा गंज, पेपरने पुसला जातो.

बारीक स्क्रू-वॉशरना एवढं करायची गरज नाही. आमच्या घरी पितळेची भांडी कोकमाच्या सालींनी घासतात, तोच उपाय. जुनी, मीठ न लावलेली सालं गरम पाण्यात भिजवून त्यात स्क्रू रात्रभर ठेवले तरी गंज सुटतो. चिंचेनेही होतं. नंतर सोड्याच्या पाण्यात बुचकळून आंबटपणा मारायचा. फक्त स्प्रिंग आणि कडक केलेल्या पट्ट्या आंबटात किंवा विजेच्या ड्रममध्ये घालू नका. कडक पोलाद हायड्रोजन पिऊन ठिसूळ होतं. त्यांना डिझेल आणि पितळी ब्रश.

आमच्या घरातून या सगळ्यावर एकच वाक्य आलं, "ता टोपलां माका परत नको." कोकमाचं ते भांडं तेव्हापासून वर्कशॉपचं झालं.

नट, पट्ट्या आणि जोडणी

दांडा उलटसुलट फिरवून बघा. जबडा हलायला लागण्याआधी पाव ते अर्धी फेरी फुकट जात असेल तर नट चांगला आहे, त्याला छेडू नका. काकींच्या वाइसची ढिलाई एक तृतीयांश फेरी होती. पूर्ण फेरी फुकट जात असेल आणि आटे सुरीच्या धारेसारखे झाले असतील तरच नवा नट. त्यासाठी टर्नर असा शोधा ज्याच्या लेथचा लीड स्क्रू (आटे कापताना हत्यार पुढे सरकवणारा स्क्रू) इंची आहे. मेट्रिक लेथवर इंचात चार आटे कापायचे तर १२७ दातांचं चाक लागतं (२५.४ ची पाच पट), आणि ते गावच्या टर्नरकडे क्वचितच असतं.

पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील तर ईएन-८ जातीच्या पोलादी पट्टीतून नव्या करता येतात. ट्रकच्या कमानपाट्यातूनही होतात, पण तो आधी लाल करून राखेत निववावा लागतो, नाहीतर ड्रिल जळतं. मी एक पट्टी दातेरी ठेवली आणि दुसरी सपाट. बसवण्याआधी मागची बिडाची बैठक कानशीने साफ करा. तिथे गंजाची एक खपली राहिली तरी पट्टी डुलते आणि स्क्रू तुटतो.

जुळणी बघायला कागदाच्या दोन पट्ट्या जबड्यात वरच्या काठाशी, दोन टोकांना धरा आणि हलकेच आवळा. दोन्ही ओढून निघता कामा नयेत. जबडे वरच्या काठाला आधी मिळावेत आणि खाली केसाएवढी फट राहावी, हे बरोबर आहे. ती फट बघून घासायला बसू नका. जोर लावला की ती आपोआप भरते.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कोरड्या दिवशी, भाग उन्हाने कोमट असताना रेड ऑक्साइडचा एक हात, मग इनॅमलचे दोन. सरकत्या दांडीला, आट्यांना आणि पट्टीच्या बैठकीला रंग लागू देऊ नका. मी राखाडी लावला आणि "मेड इन इंडिया"ची अक्षरं पांढरी केली. हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरका. १ जूनला मासेमारी बंद होते, होड्या वर ओढल्या जातात आणि ३१ जुलैपर्यंत मला नाक पुसायला वेळ नसतो. शिवाय त्या हवेत रंग वाळतच नाही.

बसवणं

स्थिर जबड्याचं तोंड टेबलाच्या काठाच्या किंचित बाहेर हवं, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. उंची: वाइससमोर ताठ उभं राहून हात दुमडला की कोपर जबड्याच्या माथ्याला टेकावं. टेबलाला मी फुटलेल्या होडीची ऐनाची फळी वापरली, अडीच इंची. चार सुती बोल्ट आरपार, खाली रुंद वॉशर, आणि बीड फळीवर सगळीकडे टेकतंय ना ते बघून मगच आवळायचं. एक कान अधांतरी असताना आवळला तर तुटतो. टेबल चिऱ्याच्या भिंतीला फास्टनरने जखडायचा विचार कराल, तर करू नका. जांभा दगड भुसभुशीत, हिसका बसला की फास्टनर मातीसकट बाहेर. टेबलच जड करा. माझ्या टेबलाच्या खालच्या फळीवर दोन निकामी क्रँकशाफ्ट आहेत.

स्क्रूला ग्रीसचा पातळ हात, सरकत्या दांडीला नुसतं तेल. जाड ग्रीस फासलं की कानशीचा कीस आणि वाळू त्यात बसते आणि ते घासपेस्टचं काम करतं. खोबरेल नको. थंडीत गोठतं आणि पुढे चिकट होतं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी तेलकट फडकं फिरवा आणि जबडे बोटभर उघडे ठेवा. आवळून ठेवले तर मधला ओलावा पट्ट्या खातो.

एप्रिलच्या शेवटी काकी त्यांचा आडाळो, म्हणजे विळी, घेऊन आल्या. खवणीचं पातं हलत होतं. मी जबड्यांना ॲल्युमिनियमच्या कोनपट्ट्या लावल्या, लाकडाला वळ उठू नयेत म्हणून, आडाळो धरला आणि पात्याचा रिव्हेट काढून नवा ठोकला. तोवर काकी वाइसभोवती एक फेरी मारून आल्या.

"ह्येचो निळो रंग खंय गेलो?"

मी भंगारवाल्याची सगळी लबाडी त्यांना समजावून सांगितली. लांबी, बुजवलेली अक्षरं, इंग्लंड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"खंयचो भंगारवालो? तो रंग तेंनीच मारललो. गणपतीक दारां रंगयली, तेतुरलो उरललो. लांबी पण उरलली. ती फुकट कित्याक घालवची, म्हणान जंय जंय खड्डे दिसले थंय भरल्यांनी."

आणि आडाळो काखेत मारून त्या निघाल्या.